पेटीतले 27 चीपाओ

जुनी वस्त्रं तपासणं, साफ करणं आणि ती पुढे टिकतील अशी ठेवणं हे माझं काम. हाँगकाँगमध्ये ते करताना आलेलं हे एक प्रकरण. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. कपड्यांचं वर्णन मात्र जसंच्या तसं आहे.

पार्श्वभूमी

मला बोलावलं ते पन्नाशीच्या एका बाईंनी. त्यांची आजी, म्हणजे आईची आई, जिला इथे पो-पो म्हणतात, शांघायमध्ये वाढली. तिथेच तिचं लग्न झालं आणि 1949 साली नवऱ्याबरोबर ती हाँगकाँगला आली. येताना कापराच्या लाकडाची एक पेटी सोबत होती. आजी गेल्यावर ती पेटी मुलीच्या घरी आली आणि खाटेखाली गेली. आता ती जुनी इमारत पाडायची होती, घर सहा आठवड्यांत रिकामं करायचं होतं, म्हणून पेटी पहिल्यांदा पूर्ण उघडली गेली. आत 27 चीपाओ होते.

चीपाओ म्हणजे उभ्या कॉलरचा, उजव्या अंगाला बंद होणारा, बाजूंना चीर असलेला चिनी बायकांचा अंगरखा. मांचू लोकांच्या लष्करी तुकड्यांना ‘ची’, म्हणजे निशाण, म्हणत. नाव त्यावरून आलं. हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीत यालाच चेओंगसाम, म्हणजे लांब झगा, म्हणतात. आज दिसतो तो प्रकार 1920 च्या दशकात शहरांमधून पुढे आला. 1929 मध्ये तिथल्या राष्ट्रवादी सरकारने पोशाखाचे नियम काढून त्याला बायकांच्या औपचारिक पोशाखात जागा दिली, आणि 1930 च्या दशकात शांघायच्या शिंप्यांनी त्याला कळस चढवला. सिगारेटी, साबण, औषधं यांच्या जाहिरातींसाठी तेव्हा रंगीत दिनदर्शिका छापत. त्यांवरच्या बायकांच्या अंगावर बहुतेक वेळा चीपाओच असे, आणि त्यावरची नक्षी शिंप्याला दाखवता येईल इतकी बारकाईने रंगवलेली असे.

पेटीतल्या 27 पैकी चारांवर भरतकाम किंवा टिकल्या होत्या, चार एकरंगी होते आणि उरलेले 19 छापील कापडाचे होते. हे सगळं प्रकरण त्या एकोणीसांभोवती फिरतं.

अडचण काय होती

मी पोचायच्या आधी एक व्यापारी येऊन गेला होता. त्याने भरतकामाचे चार बाजूला काढले, त्यांची चांगली किंमत सांगितली, आणि छापील कपड्यांच्या ढिगाकडे हात करून म्हणाला, हे मी उपकार म्हणून घेऊन जातो. यंत्रावर छापलेलं कापड, त्यात कला कसली? एकोणीसांची मिळून त्याने जी रक्कम सांगितली ती एका भरतकामाच्या चीपाओपेक्षाही कमी होती.

दुसरीकडे घरातल्या भाचीचं लग्न ठरलं होतं आणि तिला पणजीचाच चीपाओ घालायचा होता. मामांना त्यातले दोन काचेत मढवून नव्या घरातल्या दिवाणखान्यात लावायचे होते. मला बोलावणाऱ्या नातीला काय करायचं ते ठरत नव्हतं, पण व्यापाऱ्याचं बोलणं तिला लागलं होतं. तिने मला विचारलं, “खरंच यांची काही किंमत नाही का? पो-पो तर हेच जपायची. भरतकामाचे तिने कधी बाहेरसुद्धा काढले नाहीत.”

हाँगकाँगमध्ये मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी दमट होते की भिंतींना घाम फुटतो. पेटी तशीच नव्या घरी नेऊन ‘नंतर बघू’ म्हणण्याइतका वेळ नव्हता. तळाच्या तीन कपड्यांना बुरशीचा वास येत होता आणि एकाच्या अस्तरात कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, दिसली.

पाहणी

पहिला निर्णय छोटा होता आणि तो बरोबर ठरला: एकही कपडा हँगरला लावायचा नाही. जुन्या रेशमाला स्वतःचं वजनही पेलत नाही आणि ताण सगळा खांद्यावर येतो. जेवणाच्या टेबलावर धुतलेलं मलमल अंथरलं, अंगठ्या-बांगड्या काढल्या, आणि एकेक कपडा खाली कागद सरकवून दोन हातांवर उचलला.

आपल्याकडे नवी साडी पहिल्यांदा नेसली की घडी मोडली म्हणतात. या पेटीत उलटा प्रकार होता. वर्षानुवर्षं कुणी घडी मोडलीच नव्हती आणि कापड घडीवरच विरलं होतं. पिवळसर फुलांच्या एका रेशमी चीपाओला हात लावताच घडीच्या रेषेवर तो कागदासारखा फाटत गेला. हे वजन चढवलेलं रेशीम. कच्च्या रेशमातला डिंक काढला की साधारण पाव वजन जातं. ते भरून काढायला आणि कापडाला जडपणा यावा म्हणून पूर्वी त्यात कथिलाचे क्षार मुरवत. काही दशकांनी तेच क्षार धागा आतून तोडतात. त्यावर इलाज नाही, फक्त ते आणखी न हलवणं आपल्या हाती असतं.

कालमापनासाठी शिलाई पाहिली. शांघायचा जुना चीपाओ सपाट कापलेला असतो. पुढचा आणि मागचा भाग एकाच कापडातून, खांद्याला शिवण नाही, बाह्या त्यातूनच निघालेल्या, छातीला टक्स नाहीत, बाजूला टिचबटणं. टक्स, वेगळ्या लावलेल्या बाह्या, बाजूची चेन आणि कमरेत घट्ट बसणारा आकार ही नंतरची, 1950-60 च्या हाँगकाँगची ओळख. लांबीही बोलते. 1930 च्या दशकाच्या मध्याला घेर जमिनीला टेकत होता, युद्धाच्या काळात तो वर गेला आणि बाह्या आखूड होत नाहीशा झाल्या. या हिशोबाने छापीलांपैकी 11 शांघायचे निघाले आणि आठ हाँगकाँगचे.

मग ज्याच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले तो. शेवाळी रंगावर विटकरी अर्धवर्तुळं, ताटल्यांच्या कडा एकमेकींवर चढाव्यात तशी, आणि त्यांना छेदणाऱ्या काळ्या बारीक रेषा. कापड रेयॉनचं, त्या काळचं कृत्रिम रेशीम. रेषा केसाइतक्या बारीक आणि नक्षी 40 सेंटिमीटरच्या आत पुन्हा सुरू होणारी, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या रुळावर छापलेलं. रुळाचा घेर जेवढा, तेवढ्यातच नक्षीची एक फेरी बसते. यात ना ड्रॅगन, ना वटवाघूळ, ना दीर्घायुष्याची पीच फळं. भरतकामात आणि विणलेल्या किनखापात शुभचिन्हांचा जुना संकेत असतो. छापील कापडात तो मोसम असतो, त्या वर्षीचं शहर असतं. कारकुनाची बायकोसुद्धा या महिन्याची नक्षी अंगावर घालू शकत होती, ती छपाईमुळेच.

मी एका निवृत्त शिंप्याला बोलावलं. ऐंशी उलटलेला, लहानपणी शांघायच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस. अशांना इथे सीफू म्हणतात. त्याने चीपाओ हातात घेतला, आधी उलटा केला, उजव्या काखेखाली अंगठा फिरवला आणि म्हणाला, “कापड कमी पडलं होतं त्याला.”

मग त्याने दाखवलं. वरचा पदर उजवीकडे येऊन बंद होतो, त्याच्या आत जायला जास्तीचं कापड लागतं, आणि ते अखंड कापडातून निघत नाही. म्हणून शिंप्याने आतला भाग तीन तुकडे जोडून केला होता आणि जोड अशा जागी ठेवले होते की बंद केल्यावर एकही दिसू नये. वरच्या पदराच्या तिरक्या कडेवर मात्र प्रत्येक अर्धवर्तुळ खालच्या अर्धवर्तुळाला बरोबर मिळवलं होतं. बटणं लावली की उघडण्याची जागा शोधावी लागत होती. कॉलरच्या समोर, गळ्याच्या मध्याला, एक पूर्ण वर्तुळ येत होतं. ते कापडात कुठेच नाही. शिंप्याने दोन अर्धी जुळवून ते तिथे घडवलं होतं. कडेची गोट त्याच विटकरी रंगाची, तिरक्या कापाची, भाताच्या दाण्याएवढी रुंद.

मला खणाची चोळी आठवली. अरुंद खण, काठ नेमका दंडावर यावा म्हणून चाललेली शिंप्याची जुळवाजुळव, आणि वाया न घालवलेली चिंधी. व्यापाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. कापड यंत्राने हजारो वार छापलं असेल, पण ही वर्तुळाची जागा एकदाच ठरवली गेली. छापील चीपाओ पाहायचा तर नक्षी आणि काप दोन्ही एकत्र पाहायला हवेत. नुसतं कापड पाहिलं तर त्यातलं निम्मं हातून जातं.

समोरचे पर्याय

सगळं व्यापाऱ्याला देणं सगळ्यात सोपं होतं. घर वेळेत रिकामं झालं असतं. पण व्यापारी गठ्ठा फोडतो, आणि फुटलेला गठ्ठा पुन्हा कधी जुळत नाही. एकेक सुटा लिलावात पाठवण्याचंही तेच, शिवाय भरतकाम वर आणि छापील खाली, हीच उतरंड तिथेही चालली असती.

लग्नात घालण्याबद्दल भाचीशी मी स्पष्ट बोलले. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. घामही पाणीच असतो. एका संध्याकाळीत काखेतून तो गेला असता. हाँगकाँगचे आठ मजबूत होते, पण ते तिच्या अंगाला लहान होते. तिने विचारलं, “आतली माया सोडून सैल करता येणार नाही का?” जुने शिंपी बाजूला भरपूर माया ठेवत, त्यामुळे कापड होतं. सीफूने एक शिवण उजेडात धरून पाहिली आणि मान हलवली. उसवलं असतं तर सुईची जुनी भोकं रांगेने बाहेर आली असती आणि आतल्या कापडाचा न विटलेला रंग पट्ट्यासारखा दिसला असता.

काचेत मढवण्याला मी थेट विरोध केला. संग्रहालयात रेशमावर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, तोही मोजक्या महिन्यांसाठी. खिडकीसमोरच्या दिवाणखान्यात त्याच्या कितीतरी पट उजेड असतो आणि उडालेला रंग परत येत नाही.

संग्रहालयाला देणं उरलं. त्यात पैसा नव्हता, पण एक जास्तीचं कारण होतं. चीनमध्ये 1949 ला कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर चीपाओ हळूहळू मागे पडला आणि 1966 ला सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे जुनं ते मोडून काढण्याच्या माओच्या मोहिमेत, तो अंगावर असणं गुन्ह्यासारखं झालं. 1967 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांच्या पत्नी वांग क्वांगमेई यांना रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांनी, जबरदस्तीने चीपाओ चढवून, गळ्यात पिंगपाँगच्या चेंडूंची माळ घालून जमावापुढे उभं केलं, तो याच पोशाखाचा ठपका होता. असे कपडे लोकांनी जाळले, कापले, अस्तराला वापरले. त्यामुळे शांघायच्या एकाच बाईचे 11 छापील चीपाओ एकत्र असणं ही लहान गोष्ट नव्हती.

काय केलं

आधी कसर. बाधित कपडे मलमलीत गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून उणे 20 अंशांच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवले. बुरशी थंडीने मरत नाही, म्हणून ते तीन वेगळे सुकवले आणि जाळी लावून हलक्या व्हॅक्यूम क्लीनरने साफ केले. ड्राय-क्लीनिंगला काहीही दिलं नाही.

शेवाळी चीपाओच्या घेरावर जुना पाण्याचा डाग होता. तो निघेल का हे पाहायला मी घेराच्या आतल्या दुमडीवर शुद्ध पाण्याचा एक थेंब टाकला आणि टिपकागद दाबला. कागदावर विटकरी रंग उतरला. थेंब सुकल्यावर दुमडीत नखाएवढी गडद कड राहिली. बाहेरून ती दिसत नाही, पण ती आहे आणि माझ्या हातून झाली आहे. मी त्याच दिवशी नातीला बोलावून दाखवली आणि नोंदीत लिहिली.

तीन दिवसांनी पेटीच्या तळाचा कागद उचलला तेव्हा त्याखाली एक गाठोडं निघालं. शिवून उरलेल्या चिंध्या, प्रकारानुसार दोऱ्याने बांधलेल्या. शेवाळी कापडाचीही त्यात होती, तळहाताएवढी, एकदाही न धुतलेली, रंग ताजा. घर आवरणाऱ्यांनी ते गाठोडं कचऱ्याच्या पिशवीत टाकलंच होतं, नातीने ते परत काढलं. पुढच्या सगळ्या चाचण्या त्या चिंध्यांवर केल्या: पाण्याच्या, आणि एकेक धागा जाळून पाहण्याच्या. रेशमाला जळक्या केसांचा वास आला, रेयॉन कागदासारखा जळला, हाँगकाँगच्या दोन कापडांचा वितळून कडक मणी झाला, म्हणजे ती पॉलिएस्टरसारख्या वितळणाऱ्या कृत्रिम धाग्याची.

पैशाचा प्रश्न मध्येच उभा राहिला. आम्लविरहित पेट्या, कागद, छायाचित्रण, सीफूचं मानधन, सगळ्याला खर्च होता. कुटुंबाने भरतकामाचे दोन चीपाओ त्याच व्यापाऱ्याला विकून तो भागवायचं ठरवलं. मी होकार दिला.

भाचीसाठी चिंधीवरून नक्षी पुन्हा छापून घेतली, नव्या रेशमावर, डिजिटल पद्धतीने. पहिली छपाई फसली, कारण चिंधीत नक्षीची पूर्ण फेरी बसत नव्हती आणि छपाईवाल्याने उरलेला भाग अंदाजाने भरला होता. अर्धवर्तुळं जाडी झाली, काळ्या रेषा रेल्वेच्या रुळांसारख्या दिसू लागल्या. दुसऱ्या वेळी मूळ चीपाओ टेबलावर सपाट ठेवून, बाजूला मोजपट्टी ठेवून, कॅमेरा बरोबर वरून लावून फोटो घेतला. मग ती जमली. शिवताना सीफू शेजारी बसून होता. गळ्याशी पूर्ण वर्तुळ यावं म्हणून त्याने कापड तीन वेळा सरकवायला लावलं.

संग्रहालयाशी बोलणं लांबलं. त्यांना आधी फक्त तीन हवे होते, ‘उत्तम स्थितीतले, प्रातिनिधिक’. इथे नात ठाम राहिली. एका बाईचं कपाट म्हणून घ्या, नाहीतर घेऊ नका. मला भीती होती की ते नाही म्हणतील आणि तीन सुरक्षित जागी जाण्याची संधीही जाईल. मी तिला तीन देऊन टाकण्याचा सल्ला दिला होता. तिने तो ऐकला नाही.

निष्पत्ती

संग्रहालयाने शांघायचे नऊ छापील चीपाओ आणि एक साधा निळा, असे दहा घेतले. त्यांना पटवलं ते गाठोड्याने आणि आजीच्या छायाचित्रांनी. एका फोटोत तोच शेवाळी चीपाओ घालून आजी एका बागेत बाकावर बसलेली आहे. फोटो कृष्णधवल आहे, पण गळ्याशी वर्तुळ स्पष्ट दिसतं. कपडा, त्याची न धुतलेली चिंधी आणि तो अंगावर कसा दिसत होता याचा पुरावा, असं तिन्ही एकत्र क्वचितच हाती लागतं.

घराकडे 15 राहिले: हाँगकाँगचे आठ छापील, तीन एकरंगी, भरतकामाचे दोन, आणि शांघायचे दोन जे प्रवास सोसण्यापलीकडे विरले होते. ते सपाट पेट्यांत, घडीत कागदाच्या गुंडाळ्या घालून ठेवले आहेत, आणि दर सहा महिन्यांनी घडीची जागा बदलली जाते. कापराच्या पेटीत आता काही ठेवत नाहीत, कारण लाकडातून सुटणारी वाफ कापडाला पिवळं करते. मामांच्या दिवाणखान्यात शेवाळी चीपाओचा मोठा फोटो लागला.

वेगळं काय करता आलं असतं

पाण्याचा थेंब टाकण्याआधी पेटी तळापर्यंत रिकामी करायला हवी होती. शिवणाऱ्या घरात चिंध्या असतातच, माझ्या आईच्या शिलाई यंत्राच्या खणातही त्या होत्या. हे मला सुचायला हवं होतं.

तीनच देण्याचा माझा सल्ला चुकीचा होता. प्रत्येक कपड्याची प्रकृती मी पाहत होते, सगळ्यांच्या एकत्र असण्याचं मोल नातीला माझ्याआधी कळलं.

आणि विक्री. भरतकामाचे दोन गेले त्यानंतर पाच आठवड्यांनी अल्बम नीट लावायला घेतला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या फोटोत आजीच्या अंगावर विकलेल्यांपैकी एक होता, उजव्या खांद्यावर फांदी आणि दोन पक्षी असलेला. व्यापाऱ्याकडे लगेच विचारलं, तोपर्यंत तो परदेशी गिऱ्हाइकाकडे गेला होता. फोटो आधी जुळवले असते तर खर्चासाठी दुसरा निवडता आला असता, किंवा थोडे दिवस उसने पैसे काढता आले असते. आजीने तो बाहेर का काढला नव्हता, याचा अर्थ नातीला तेव्हा लागला.

आता कुठलीही पेटी उघडायला बोलावलं की मी आधी अल्बम मागते, मग चिंध्या कुठे आहेत ते विचारते, आणि त्यानंतरच कपड्यांना हात लावते.